मुलांकडे परदेशी दीर्घ मुक्काम: व्हिसा निवडण्याआधी तब्येतीचा विचार

निवृत्तीनंतर मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी जाऊन राहायचे ठरले, की घरातली सगळी चर्चा तिकीट, व्हिसाची मुलाखत आणि बॅगेचे वजन यांभोवती फिरते. दवाखान्यात ही मंडळी येतात ती निघायला आठ दिवस उरलेले असताना. "डॉक्टर, सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या." तोपर्यंत व्हिसा झालेला असतो आणि मुलाने ऑनलाइन विमाही काढलेला असतो. त्या विम्यात वडिलांचा मधुमेह आणि आईची अँजिओप्लास्टी धरली आहे की नाही, हे दोघांनाही माहीत नसते.

मी व्हिसाचा सल्लागार नाही, पण गेली काही वर्षे अशा जोडप्यांना तपासताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. तुम्ही कोणत्या प्रकारच्या व्हिसावर राहता, यावरच तिकडे आजारी पडल्यावर उपचार कोणत्या दाराने मिळणार आणि बिल कोण भरणार हे बऱ्याच अंशी ठरते. म्हणून डॉक्टरांकडे यायची वेळ अर्ज भरण्याच्या आधीची आहे.

किती दिवस आणि कशासाठी जाताय?

मुलीच्या बाळंतपणासाठी पाच महिने जाणे वेगळे, दरवर्षी उन्हाळ्यात जाऊन येणे वेगळे आणि इकडचे घर बंद करून कायमचे जाणे वेगळे. अनेकजण पहिल्या प्रकाराने सुरुवात करतात आणि नकळत तिसऱ्याकडे सरकतात. साठीत, तब्येत ठणठणीत असताना पर्यटक व्हिसा आणि साधा प्रवासी विमा निभावून जातो. त्याच माणसाचे वय ७४ झाले, किडनीचा क्रिएटिनिन वाढला, एक स्टेंट पडला, की तीच व्यवस्था पुरत नाही. म्हणून आजच्या तब्येतीबरोबर पुढच्या पाच वर्षांचाही अंदाज घ्या. हा अंदाज तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना बऱ्यापैकी देता येतो, त्यांना स्पष्ट विचारा.

देशानुसार काय बदलते

नियम आणि शुल्क बदलत असतात, त्यामुळे अर्ज करताना त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पडताळा. इथे मी फक्त तब्येतीशी संबंध येतो तेवढेच सांगतो.

अमेरिकेचा बी-२ हा पर्यटक व्हिसा आपल्याकडच्या लोकांना बहुधा १० वर्षांचा मिळतो. याचा अर्थ १० वर्षे राहता येते असा नाही. प्रत्येक वेळी विमानतळावरचा अधिकारी मुक्कामाची तारीख ठरवतो, ती साधारण सहा महिन्यांची असते आणि आय-९४ या नोंदीत दिसते. या व्हिसावर कोणतीही सरकारी आरोग्य योजना लागू होत नाही. तिथे १९८६ पासून कायदा आहे की इमर्जन्सी विभागात आलेल्या रुग्णाला, पैसे असोत वा नसोत, तपासून त्याची प्रकृती स्थिर करावी लागते. पण स्थिर करणे म्हणजे फुकट उपचार नव्हे. बिल घरी येतेच. शिवाय पुढची बायपास किंवा फिजिओथेरपी त्या कायद्यात येत नाही.

मुलगा किंवा मुलगी अमेरिकन नागरिक आणि २१ वर्षांपुढची असेल, तर आई-वडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. इथे एक मोठा गैरसमज आहे: "ग्रीन कार्ड मिळाले की मेडिकेअर मिळते." तसे नाही. वय ६५ पूर्ण हवे, आणि तिथे काम केलेले नसेल तर ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षे वास्तव्य झाल्यावरच पैसे भरून मेडिकेअरमध्ये शिरता येते. रुग्णालयाच्या भागाचाही मासिक हप्ता त्यांना भरावा लागतो, कारण तो ज्यांना माफ असतो त्यांनी किंवा त्यांच्या जोडीदाराने तिथे सुमारे १० वर्षे काम करून कर भरलेला असतो. मधल्या पाच वर्षांसाठी तिथला नियमित खासगी आरोग्य विमा घेता येतो. त्यात जुना आजार आहे म्हणून नाकारता येत नाही, ही फार मोलाची गोष्ट आहे. मात्र नोंदणीच्या ठरावीक मुदती असतात, तेव्हा पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच मुलाला हे काम करायला लावा. आणि ग्रीन कार्ड हे राहण्यासाठी असते. वर्षातले बहुतेक महिने भारतात काढायचे असतील तर ते टिकवणे अवघड जाते. ज्यांचा जीव इथल्या घरात अडकलेला आहे त्यांनी हे आधीच ओळखावे.

कॅनडाचा सुपर व्हिसा मला तब्येतीच्या दृष्टीने जास्त प्रामाणिक वाटतो, कारण तो विम्याचा प्रश्न अर्जातच विचारतो. मुलगा-मुलगी किंवा नातवंड कॅनडाचे नागरिक वा कायम रहिवासी हवेत. जुलै २०२२ पासून एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. अर्जासोबत वैद्यकीय तपासणी आणि किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, प्रवेशापासून किमान एक वर्ष चालणारा विमा लागतो. त्यात उपचार, रुग्णालय आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च असावा लागतो. पण १ लाखाचा विमा आहे याचा अर्थ तुमचा आजार त्यात आहे असा होत नाही. व्हिसासाठी चालणारी पॉलिसी आणि तुमच्यासाठी चालणारी पॉलिसी या दोन वेगळ्या असू शकतात.

ब्रिटनचा पर्यटक व्हिसा दोन, पाच किंवा १० वर्षांचा घेतला तरी एका वेळचा मुक्काम सहा महिन्यांपुरताच. इंग्लंडमध्ये जीपीकडे तपासणे आणि अपघात-तातडी विभागातले उपचार फुकट असतात, यामुळे लोक निर्धास्त होतात. पण वॉर्डात दाखल केले, की पाहुण्याला एनएचएसच्या ठरलेल्या दराच्या दीडपट बिल लागते. ५०० पौंड किंवा त्याहून जास्त थकबाकी राहिली तर पुढचा व्हिसाही अडू शकतो. कायमचे आई-वडिलांना नेण्याचा मार्ग आहे, पण तो फार अरुंद आहे. आजारपण किंवा वयामुळे रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते आणि तशी देखभाल भारतात मिळूच शकत नाही किंवा परवडत नाही, असे सिद्ध करावे लागते. म्हणजे धडधाकट आई-वडिलांसाठी तो नाहीच.

ऑस्ट्रेलियात पर्यटक व्हिसावर काही वेळा १२ महिन्यांपर्यंत राहू देतात. ७५ वर्षे किंवा त्यापुढच्यांना वैद्यकीय तपासणी करावी लागते. सबक्लास ८७० हा आई-वडिलांसाठीचा तात्पुरता व्हिसा तीन किंवा पाच वर्षांचा मिळतो, एकूण जास्तीत जास्त १० वर्षे. शुल्क बरेच आहे आणि खासगी विमा ठेवावाच लागतो. ऑस्ट्रेलियाचे काही देशांशी परस्पर उपचारांचे करार आहेत, त्यांत भारत नाही.

दुबईकडे लोक शेजार म्हणून पाहतात. तिथे नोकरी करणारी मुले पगाराची अट पूर्ण करून आई-वडिलांना रहिवासी व्हिसावर ठेवू शकतात. ५५ वर्षांपुढच्यांसाठी पाच वर्षांचा निवृत्ती व्हिसाही आहे, त्याला बचत, मालमत्ता किंवा उत्पन्नाची अट आहे. दुबईत रहिवाशांना आरोग्य विमा सक्तीचा आहे. तिथला खरा धोका औषधांचा, त्याबद्दल पुढे.

व्हिसाच्या तपासणीत छातीचा एक्स-रे

काही व्हिसांसाठी नेमलेल्या डॉक्टरांकडेच तपासणी होते आणि त्यात एक्स-रे असतो. आपल्या पिढीत तरुणपणी टीबी होऊन बरा झालेले पुष्कळ आहेत. जुना व्रण एक्स-रेत दिसला, की थुंकीचे नमुने घेतात आणि त्याच्या कल्चरला आठ आठवड्यांपर्यंत लागू शकतात. यात घाबरण्यासारखे काही नाही, पण तिकीट आधी काढले असेल तर ते वाया जाते. जुने उपचाराचे कागद किंवा एक्स-रे घरात सापडले तर सोबत न्या. आणि टीबी झाला होता हे लपवू नका, व्रण बोलतोच.

विमा: कुठे फसगत होते

पाहुण्यांसाठीचा विमा नेहमीच्या मेडिक्लेमसारखा नसतो. तो अचानक उद्भवलेल्या नव्या आजारासाठी आणि अपघातासाठी असतो. आधीपासूनचा रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा यांचे नियमित उपचार बहुतेक पॉलिसींत नसतात.

अमेरिकेसाठीच्या पॉलिसींत "अॅक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन" असा शब्दप्रयोग आढळतो. ऐकायला वाटते, जुना आजार धरला आहे. बारीक अक्षरांत अटी असतात: त्रास अचानक आणि कोणतीही पूर्वसूचना न देता व्हायला हवा, अमुक तासांत उपचार घ्यायला हवेत, आणि ठरावीक वयानंतर ही सोय कमी होते किंवा बंद होते. आता विचार करा. चालताना छातीत भरून येतेय असे तुम्ही तीन आठवडे मुलाला सांगत होतात आणि मग अटॅक आला. त्या तीन आठवड्यांना विमा कंपनी "पूर्वसूचना" म्हणू शकते.

काही पॉलिसी ठरावीक रकमेच्या असतात. रुग्णालयातल्या एका दिवसाला इतके, शस्त्रक्रियेला तितके. हप्ता स्वस्त असतो, कारण खरे बिल त्यापेक्षा कितीतरी मोठे असते आणि फरक तुम्ही भरता. शक्य असेल तर टक्केवारीने एकूण बिल भरणारी पॉलिसी घ्या. पूर्ण मुक्कामाची पॉलिसी एकदमच काढा. तीन महिन्यांची काढून नंतर दुसरी नवी घेतली, तर पहिल्या तीन महिन्यांत निघालेला आजार दुसऱ्या पॉलिसीसाठी जुना ठरतो.

फॉर्म मुलगा भरत असेल तर शेजारी बसा. "बाबांना बाकी काही नाही, फक्त शुगर आहे" असे मुलांना खरोखर वाटत असते, कारण तुम्ही त्यांना काळजी नको म्हणून निम्मे सांगितलेलेच नसते. खर्च वाचवायला आजार लपवला, तर दावा नाकारायला तेच कारण पुरते. आणि एक अवघड मुद्दा, पण बोलायला हवा: पार्थिव भारतात आणण्याचा खर्च पॉलिसीत आहे का ते पाहा. तुम्हीच विषय काढलात तर मुलांना सोपे जाते.

औषधे: सगळ्यात जास्त घोळ इथे

अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांत स्वतःपुरती साधारण तीन महिन्यांची औषधे नेता येतात. मुक्काम सहा महिन्यांचा असेल तर उरलेल्या तीन महिन्यांचे काय, हे निघण्याआधी ठरायला हवे. कुरिअरने मागवू, असे सगळे म्हणतात; पाकीट कस्टममध्ये अडकते आणि रक्त पातळ करणारी गोळी चार दिवस बंद राहते. तिकडच्या डॉक्टरांची एक भेट ठरवून स्थानिक प्रिस्क्रिप्शन घेणे हाच भरवशाचा मार्ग.

तिकडच्या डॉक्टरांना आपली ब्रँडची नावे कळत नाहीत. मूळ औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम लिहिलेला कागद हवा. काही औषधे तिथे मिळतच नाहीत. टेनेलिग्लिप्टिन किंवा व्होग्लिबोज अमेरिकेत नाही. तिथे अॅसिट्रोमही मिळत नाही, वॉरफेरिन देतात, आणि बदल करताना आयएनआर पुन्हा जुळवावा लागतो. एका गोळीत तीन औषधे ही आपल्याकडची सोयही बहुतेक ठिकाणी नसते. माझा नियम असा: मुक्काम लांबचा असेल तर निघण्याच्या दोन-तीन महिने आधीच तिकडे मिळणाऱ्या औषधांवर यायचे आणि शुगर, रक्तदाब इथेच स्थिर झालेले पाहायचे.

झोपेच्या आणि वेदनेच्या गोळ्यांबाबत विशेष सावध राहा. आपल्याकडे सहज लिहिले जाणारे एटिझोलाम अमेरिकेत २०२३ पासून सर्वांत कडक यादीत आहे आणि ब्रिटनमध्येही नियंत्रित आहे. पायांची जळजळ थांबवायला मधुमेहींना देतात ते प्रेगाबालिन, तसेच ट्रॅमाडॉल, कोडीन आणि अल्प्राझोलाम ही औषधे संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत. पूर्वपरवानगी आणि डॉक्टरांचे पत्र नसताना बॅगेत सापडली तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकते. शेजारच्या काकूंनी दिलेली पट्टी अजिबात नेऊ नका.

इन्सुलिनबद्दल एक प्रसंग सांगतो. माझे एक पेशंट मुलीकडे अमेरिकेला गेले होते. चौथ्या महिन्यात इथून नेलेल्या बाटल्या संपल्या, मुलीने तिथून नवी बाटली आणली. सिरिंज मात्र इथल्या उरलेल्या होत्या. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि लाल टोपणाची सिरिंज त्याच मापाची असते. तिकडच्या बाटलीत एका मिलिलिटरला १०० युनिट. त्यांनी रोजच्यासारखे २० च्या खुणेपर्यंत ओढले आणि शरीरात गेले ५० युनिट. मध्यरात्री घामाने भिजलेले, बरळणारे वडील पाहून मुलीने अॅम्ब्युलन्स बोलावली. ते वाचले. फोनवर त्यांनी मला विचारले, "माझं काय चुकलं? मी रोजच्याइतकंच घेतलं." त्यांचे काही चुकले नव्हते, जाण्याआधी हे मी सांगायला हवे होते. तेव्हापासून दीर्घ मुक्कामाला जाणाऱ्यांना मी शक्यतो पेनवर आणतो. पेनमधले इन्सुलिन इथेही बहुधा १०० युनिटांचेच असते. बाटलीच वापरणार असाल तर त्या बाटलीच्या मापाची सिरिंज तिथूनच घ्या. आणि इन्सुलिन चेक-इन बॅगेत टाकू नका, तिथे ते गोठू शकते.

शुगरचे आकडेही बदलतात. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात मीटर मिलिमोलमध्ये दाखवते. तिथले ७ म्हणजे आपले १२६. १८ ने गुणायचे. ब्रिटनमध्ये एचबीए१सी ५३ आले म्हणून हादरू नका, ते आपले ७ टक्के.

काय उरकून जावे, केव्हा थांबावे

दात, मोतीबिंदू, हर्निया, वाढलेली प्रोस्टेट, पित्ताशयातले खडे ज्यांचा त्रास होतोय. हे सगळे इथे उरकता येते. तिकडे मुक्कामाच्या मध्येच उसळले तर जुना आजार म्हणून विमा हात वर करतो. दातांचे उपचार तर बहुतेक पॉलिसींत नसतातच. फ्लू आणि न्यूमोनियाची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्या.

नुकताच हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेला, टीबीचे किंवा कॅन्सरचे उपचार चालू असलेले, डायलिसिसवर असलेले, यांनी दीर्घ मुक्कामाचा बेत तज्ज्ञांना विचारल्याशिवाय करू नये. डायलिसिस पर्यटक व्हिसावर चालवणे बहुतेक कुटुंबांच्या खिशाबाहेरचे आहे.

विस्मरणाची सुरुवात झालेल्यांबद्दल मुलांना वाटते, आमच्याजवळ राहिले तर बरे राहतील. काहींच्या बाबतीत खरे ठरते. पण अशा माणसाला ओळखीचे घर, ओळखीचा रस्ता, ठरलेली वेळ यांचाच आधार असतो. तो एकदम काढला की गोंधळ वाढतो, रात्री उठून "घरी चला" सुरू होते. आधी दोन महिन्यांचा मुक्काम करून पाहा. घर विकण्याचा निर्णय त्यानंतर.

दिवसभर घरात कोण?

इथे तुम्ही सकाळी चालायला जाता, मंडईत दोन शब्द बोलता, कट्ट्यावर बसता, एकादशीला भजन असते. तिकडे मुलगा-सून आठला बाहेर पडतात, नात शाळेत, बाहेर बर्फ आणि गाडी चालवता येत नाही. तीन महिन्यांत वजन वाढते, शुगर वाढते आणि झोप जाते. "मला काही होत नाही, पण काही करावंसंच वाटत नाही," असे म्हणणारी माणसे परतल्यावर माझ्यासमोर बसतात. हे नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत.

व्हिसा निवडताना याचाही हिशेब धरा. शक्य असेल तर हिवाळा टाळून जा. घरापासून चालत जाता येईल असे ग्रंथालय, बाग, मंदिर आहे का ते मुलांना विचारा. उत्तर अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये बऱ्याच मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळे आहेत, त्यांत ज्येष्ठांचे गट भेटतात. नातवंडे सांभाळायला जाणार असाल तर आठवड्यातला एक दिवस तुमचा, हे जाण्याआधीच मोकळेपणाने ठरवा. आईंना हे बोलायला संकोच वाटतो, म्हणून मी तपासताना मुलांसमोरच विषय काढतो.

इकडचे काय चालू ठेवायचे

भारतातला मेडिक्लेम परदेशात बहुधा चालत नाही, म्हणून लोक हप्ता थांबवतात. तसे करू नका. खंड पडला की आजवर पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ वाया जाऊ शकतो, आणि सत्तरीत नवी पॉलिसी मिळणे कठीण. मोठा, खर्चिक उपचार लागला तर बऱ्याचदा स्थिर झाल्यावर भारतात परत येणेच परवडते. तेव्हा हीच पॉलिसी उभी राहते. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी हयातीच्या दाखल्याची सोयही बघून ठेवावी.

निघताना एक पातळ फाइल हातातल्या बॅगेत असू द्या: इंग्रजीत एक पानाचा आजारांचा सारांश, औषधांची मूळ नावे आणि डोस, अॅलर्जी, शेवटचा ईसीजी आणि इको, स्टेंट किंवा पेसमेकरचे कार्ड, चष्म्याचा नंबर, विम्याच्या पॉलिसीची प्रत. सगळ्याचा फोटो मुलाच्या फोनमध्येही. एक पानाचा सारांश मागायला आलात तर आम्हाला दहा मिनिटे लागतात, मात्र निघायच्या आदल्या संध्याकाळी येऊ नका. परत आल्यावर पंधरा दिवसांत क्रिएटिनिन, एचबीए१सी आणि वजन तपासून घ्या, आणि तिकडे सुरू झालेल्या गोळ्यांचे डबे सोबत आणा. इथल्या जुन्या गोळ्या आणि तिकडच्या नव्या, दोन्ही एकदम घेणारे दर वर्षी दोन-तीन तरी भेटतात.